लिथियम-आयन विद्युत् घट
लिथियम आयनांच्या स्थलांतरावर चालणारा, पुन्हा भारित करता येणारा विद्युत् घट. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७०–८० या दशकात तयार केलेल्या घटात धातुरूप लिथियमावर सुईसारखे स्फटिक वाढून शॉर्टसर्किट होई व आग लागे. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडाचे धनाग्र सुचविले. आकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये लिथियम धातूऐवजी कार्बनी ऋणाग्र योजून धोका कमी केला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने हा घट बाजारात आणला. तथापि त्यातील विद्युत् विच्छेद्य ज्वलनशीलच राहिला. २०१३ मध्ये घटमालांच्या बिघाडामुळे बोइंग ७८७ विमानांची उड्डाणे थांबवावी लागली. कोबाल्टाच्या मागणीमुळे काँगोतील खाणींत बालमजुरी व प्रदूषण यांचे प्रश्न उग्र झाले. १९९७ मध्ये पुढे आलेले लोह फॉस्फेटाचे धनाग्र कोबाल्टविरहित व उष्णतेस अधिक स्थिर असल्याने दोन्ही दोषांवर अंशतः उपाय ठरले.