लोहाराची भट्टी

लोखंडाचा धंदा म्हटला की आपल्यापुढे उंच धुराडी, अवजड यंत्रे आणि सावकारी थैल्या उभ्या राहतात. हे चित्र फार तर दोन-अडीचशे वर्षांचे आहे. त्यापूर्वीची कैक शतके हा धंदा एका खड्ड्यावर, थोड्या मातीवर, कातड्याच्या भात्यावर आणि टोपलीभर कोळशावर चालला. दिल्लीजवळच्या मेहरौलीचा लोहस्तंभ गुप्तकाळातला. तो सात मीटरांहून उंच आणि सहा टनांहून जड आहे. पण तो ओतलेला नव्हे. लोखंडाचे लहान लहान गोळे तापवून, एकावर एक ठोकून, सांधून तो घडवला आहे. आग लहान असली म्हणून काम लहान राहते असे नाही, याला यापेक्षा वजनदार पुरावा मी तरी कोठून आणू?

आपल्याकडे ही स्वस्त भट्टी पाहावयाची तर घिसाड्याचे बिऱ्हाड पाहावे. रस्त्याच्या कडेला गाडी सोडली की थोड्याच वेळात आग पेटते. जमिनीत उथळ खड्डा, त्यात एका अंगाने सोडलेली नळी, नळीमागे भाता. अलीकडे भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आला आहे. ऐरण जमिनीत किंवा ओंडक्यात रोवलेली. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, लहान हातोड्याने घाव कोठे पडावा ते दाखवतो, आणि त्याची बायको घण घालते. शहरातला माणूस हे पाहून थबकतो. तिला थबकावयास वेळ नसतो; लोखंड निवते.

या खड्ड्यात नवल आहे ते वाऱ्याचे. लोणारी कोळसा उघड्यावर नुसता धुमसत राहतो. त्यालाच खालून किंवा बाजूने नेमका वारा दिला आणि भोवती मातीची भिंत घालून उष्णता कोंडली, की बाराशे अंशांच्याही वर आच चढते. लोखंड वितळावयास सुमारे 1538 अंश लागतात. पण लोहाराला ते वितळवायचेच नसते. केशरी-पिवळा रंग आला की ते मेणासारखे वागू लागते, आणि पांढरटपणाकडे झुकले की दोन तुकडे ठोकून सांधता येतात. त्याही पुढे गेले तर ठिणग्या उडू लागतात. मग लोखंड जळू लागले असे समजावे. लोहाराचा उष्णतामापक म्हणजे त्याचा डोळा. भट्टी सावलीत असते ती ऊन चुकवण्यासाठीच केवळ नव्हे. भर उन्हात रंग कळत नाही.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. लोखंड घडवणे वेगळे आणि दगडातून लोखंड काढणे वेगळे. घडवणारा तो लोहार. काढणाऱ्यांना आपल्या सह्याद्रीत धावड म्हणत. महाबळेश्वरच्या डोंगरावर जांभ्या दगडातून धावड लोखंड गाळीत असत. आज ती भट्टी नाही, तो धंदाही नाही. लोहार मात्र उरला. एक बुडाला आणि दुसरा तरला, असे का झाले?

धावडाला लोखंडाच्या कैक पट कोळसा लागे, म्हणजे रान लागे. इंग्रजी अमलात 1865 आणि 1878 चे जंगलविषयक कायदे झाले आणि रानावर सरकारची मालकी बसली. त्याच शतकात मुंबई बंदरात विलायती लोखंड स्वस्तात उतरू लागले आणि 1853 पासून पसरलेल्या आगगाडीने ते देशावर पोहोचवले. एकीकडून सरपण तुटले, दुसरीकडून गिऱ्हाईक. यातला विपर्यास असा की, याच देशातल्या पोलादाचा लंडनच्या विद्वानांनी आधी कसून अभ्यास केला होता. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून पाठवलेल्या नमुन्यांवर पिअर्सन यांचा निबंध 1795 मध्ये रॉयल सोसायटीपुढे आला. त्याच्या मथळ्यात हे ‘वूट्झ’ पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले आहे! वास्तविक ते दक्षिणेकडे, तेलंगण, कर्नाटक, तामिळ मुलखात मुशीत होत असे. कानडी ‘उक्कु’ या शब्दावरून हे नाव आले असे मानतात. पुढे 1819 मध्ये मायकेल फॅराडे यांनीही त्याचे पृथक्करण केले. पोलादाला प्रयोगशाळेत मान मिळाला. ते करणाऱ्यांच्या भट्ट्या मात्र विझत गेल्या.

लोहार तरला तो भट्टी स्वस्त होती म्हणून. लोखंड कोठून आले हे ती विचारीत नाही. विलायती पट्टी चालते, गाडीच्या चाकाची झिजलेली धाव चालते, रुळाचा तुकडा चालतो. आज ट्रकच्या जुन्या पाट्यांचे कोयते होतात. बलुतेदारीत शेतकरी पुष्कळदा लोखंड आणि कोळसा स्वतःच घेऊन येई आणि फाळ ठोकून होईतो भाताही ओढी. भांडवल असे गावात वाटले गेलेले होते. मात्र स्वस्त भट्टीच्या मालकाला गावाने स्वस्तच लेखले, हेही सांगितले पाहिजे. घिसाडी आज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत; तंत्रज्ञांच्या यादीत त्यांना कोणी घातलेले नाही.

आपल्यापैकी कोणास परसात ही विद्या हाताळून पाहावीशी वाटली, तर खर्चाचे भय नको. मातीने लिंपलेले लोखंडी घमेले, बाजूने आत घातलेली नळी, हातपंखा आणि ऐरणीसाठी भंगारवाल्याकडचा वजनदार तुकडा एवढे पुरते. नदीचे ओले गोटे आगीजवळ लावू नयेत, ते फुटून उडतात. जस्ताचा मुलामा असलेली नळी वा पत्रा आगीत घालू नये. त्याचा धूर बाधतो. काम उघड्या हवेत करावे, सुती कपडे घालावेत.

आरंभी सुरी करावयास जाऊ नये. पोलादाला पाणी देणे ही वेगळी विद्या आहे. चुंबक धरेनासा होईपर्यंत ते तापवून विझवावे लागते आणि मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा मंद आचेवर गवती रंग येईतो धरावे लागते. पहिल्याने खिळा करावा. सळईचे टोक चौकोनी ठोकून निमुळते करणे, छिन्नीवर तोडणे, भोकात घालून डोके बसवणे, सारे एका तावात झाले पाहिजे. पहिले पाच-पंचवीस वाकडेच होतील.