विद्यादान आणि ग्रंथदान

विद्यादानाची महती गाणारीं वचनें आपल्याकडे विपुल आहेत. परंतु दानाचा इतिहास वचनांवरून नव्हे, हिशेबाच्या वहीवरून वाचावा लागतो. पैसा कोणाकडून आला, तो कोणाच्या हातीं गेला, आणि त्यांतला किती अंश गरिबाच्या मुलापाशीं पुस्तक होऊन राहिला, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे महाराष्ट्राचा गेल्या दोनशे वर्षांचा विद्याव्यवहार निराळाच दिसूं लागतो.

पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास दक्षिणा वाटली जाई. शास्त्रीपंडितांच्या विद्वत्तेचा तो गौरव होता, यांत शंका नाहीं. तथापि राज्याचा पैसा मुख्यतः रयतेच्या साऱ्याचा, आणि त्या रयतेच्या मुलास त्यांतून साधी धूळपाटीही मिळत नसे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनीं दक्षिणा एकदम बंद न करितां तिचा कांहीं भाग १८२१ सालीं पुण्यांत निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. पुढल्याच वर्षीं मुंबईंत, शाळा काढाव्या व शाळांसाठीं पुस्तकें छापावीं या हेतूनें, वर्गणीवर चालणारी एक मंडळी स्थापन झाली. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचें ‘बाळमित्र’ याच प्रयत्नांच्या काळांतलें, १८२८ सालचें. मुलांकरितां मराठींत छापील पुस्तक असावें ही कल्पनाच त्या वेळीं नवी होती. पण तें पुस्तक पोंचलें तें बहुधा ज्या घरांत अक्षरओळख आधींच होती त्याच घरांत.

१८४९ सालीं पुण्यांतील कांहीं सुधारकांनीं सरकारास अर्ज केला, कीं दक्षिणेचा कांहीं अंश उपयुक्त मराठी ग्रंथांस उत्तेजन देण्याकडे लावावा. सनातनी मंडळींत खळबळ उडाली. त्या प्रसंगीं जोतीराव फुले अर्जदारांच्या साह्यास धांवले, ते महार-मांग समाजांतील तरुणांस बरोबर घेऊन. ज्यांच्या घरीं तूर्त एकही ग्रंथ जाणार नव्हता, तेच ग्रंथांच्या रक्षणास उभे राहिले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांत जितक्या ठळकपणें नोंदली जावी तितकी नोंदली गेलेली नाहीं. पुढें दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली, आणि जोतीराव व सावित्रीबाई यांच्या शाळांसही दक्षिणेच्या निधींतून साह्य मिळूं लागलें. ज्या पैशावर एका वर्णाचाच अधिकार समजला जाई, त्याचा ओघ मांगवाड्याकडे वळला.

याच शाळांविषयीं एक हकीकत सांगतात. मेजर कँडी यांच्या हस्ते मुलींस खाऊ व खेळणीं वांटावयाचीं होतीं. तेव्हां एका लहान मुलीनें त्यांस निर्भयपणें सांगितलें, कीं आम्हांस खाऊ नको, शाळेला पुस्तकालय हवें. ही मुलगी म्हणजे मुक्ता साळवे असें पुष्कळ मानतात. तें कसेंही असो. याच मुक्तेचा, महार-मांगांच्या दुःखाविषयींचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त छापला गेला. वाचावयास मिळालें तर आम्ही लिहूंही शकतों, हें तिनें सिद्ध करून दाखविलें.

त्या मागणींत दानाची सारी मीमांसा आली आहे. खाऊ देण्यांत देणाऱ्याचें समाधान आहे आणि तें त्याच सांजेला संपतें. पुस्तक मात्र घेणाऱ्याच्या मालकीचें होतें. दात्याची परवानगी न विचारतां तें विचार करावयास लावतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं जें निवेदन केलें त्याचा रोखही हाच होता: वसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षण वरच्या वर्गांचें, हा न्याय नव्हे. अशा दृष्टीनें पाहिलें तर गरिबाच्या मुलास दिलेलें पुस्तक दान नसून परतफेड ठरते.

एक पुस्तक काय करूं शकतें याचा दाखला पुढील पिढींत मिळाला. १९०७ सालीं भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारप्रसंगीं कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांस भेट दिलें. केळुसकरांच्याच खटपटीनें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. शिष्यवृत्तीनें पदवी दिली. पुस्तकानें जी दिशा दाखविली ती १९५६ सालीं नागपुरास जगाला दिसली. स्वतः आंबेडकरांनीं १९२४ सालीं बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिनेंही वसतिगृह व वाचनालय यांसच अग्रस्थान दिलें.

आमच्या खानदेशांतही श्रीमंतांचें औदार्य थोडें नाहीं. अमळनेरास प्रतापशेठांच्या गिरणीच्या पैशानें विद्येस आश्रय दिला. तेथील हायस्कुलांत १९२४ पासून कांहीं वर्षें शिकविणारे साने गुरुजी छात्रालयांतील मुलांसाठीं हस्तलिखित दैनिक काढीत. पैशानें इमारत उभी राहिली. मुलाच्या हातांत नित्य नवें वाचन ठेविलें तें एका शिक्षकानें, आपल्या हस्ताक्षरांत.

आज सरकारी शाळांतून क्रमिक पुस्तकें मोफत मिळतात, हें चांगलेंच झालें. पण क्रमिक पुस्तक परीक्षेचें. वर्ष सरलें कीं त्याचें काम सरतें. बोदवडसारख्या कापसाच्या पेठेंत मजुरी करणाऱ्याच्या घरीं, मुलाचें नांव घालून ठेवावें असें एखादें गोष्टींचें पुस्तक किती ठिकाणीं सांपडेल? आणि त्या घरांत वाचनाची भूक नाहीं असेंही कोणी म्हणूं नये. दरसाल डिसेंबरच्या ६ तारखेस मुंबईच्या चैत्यभूमीवर खेड्यापाड्यांतून आलेलीं माणसें पदरचे पैसे मोडून पुस्तकें विकत घेतात, तीं याच वर्गांतलीं. कोनशिलेवर नांव कोरण्याची इच्छा ज्यांस असेल त्यांनीं ती अवश्य पुरवावी. पण त्या खर्चाचा थोडा वांटा मुलांच्या पुस्तकांकडे लावावा, आणि त्या पुस्तकांवर नांव मात्र मुलांचें घालावें.