राजाचा पुतळा आणि मुलांच्या गोळ्या

इतिहासाच्या दप्तरात मोठमोठ्या तहनाम्यांच्या शेजारी कधी कधी एखादी साधी हिशेबाची यादी पडलेली असते. अमेरिकेच्या कनेटिकट प्रांतातील लिचफिल्ड गावच्या ऑलिव्हर वोलकॉट यांच्या कागदपत्रांत अशीच एक यादी आहे. तिच्यात धान्याचा हिशेब नाही की दूधदुभत्याचा नाही. १७७६ साली घरातील आणि शेजारपाजारच्या बायकामुलांनी तयार केलेल्या काडतुसांची ती मोजदाद आहे. घरच्या घरी गोळ्या ओतण्याच्या कामाची इतकी नेमकी नोंद आमच्या वाचनात दुसरी नाही. म्हणून ती हकिगत येथे सांगावीशी वाटते.

ज्या शिशाच्या या गोळ्या झाल्या, ते शिसे एका राजाचे होते. वसाहतींवर लादलेला स्टँप कर १७६६ साली रद्द झाला. त्या आनंदात न्यूयॉर्ककरांनी तिसऱ्या जॉर्ज राजाचा अश्वारूढ पुतळा लंडनचे शिल्पकार जोसेफ विल्टन यांच्याकडून करवून घेतला आणि १७७० साली तो बोलिंग ग्रीन या चौकात उभा राहिला. पुतळा शिशाचा होता, वरून सोन्याचा मुलामा दिलेला. पुढे सहाच वर्षांनी, ९ जुलै १७७६ रोजी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्यापुढे वाचला गेला. त्याच संध्याकाळी सैनिकांनी आणि नागरिकांनी दोर लावून राजाला घोड्यासकट खाली ओढले. पुतळ्याभोवती १७७१ साली घातलेले लोखंडी कुंपण तेथे आजही आहे. त्याच्या खांबांवरची शोभेची टोके मात्र नाहीशी झाली आहेत.

पुतळ्याचे बरेचसे तुकडे लिचफिल्डला नेण्यात आले. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी वोलकॉट हे एक. त्यांच्या घरामागच्या बागेत काम सुरू झाले. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. त्याला लोहाराची भट्टी लागत नाही, लाकडाचा चांगला विस्तव पुरतो. वितळलेल्या रसावरची मळी काढायची, तो पळीने दोन पाकळ्यांच्या साच्यात ओतायचा, निवल्यावर साचा उघडायचा आणि गोळीला चिकटून राहिलेला देठ छाटायचा. मग कागदाची नळी वळून तिच्यात गोळी व दारू भरायची आणि टोक मुरडून बंद करायचे. झाले काडतूस. स्वयंपाकघरात वावरलेल्या हातांना यातले फारसे काही परके नव्हते.

यादी अशी आहे : श्रीमती मार्व्हिन ६,०५८, रूथ मार्व्हिन ११,५९२, लॉरा ८,३७८, मेरी ॲन १०,७९०, फ्रेडरिक ९३६, श्रीमती बीच १,८०२, इतरांनी केलेली २,१८२. याशिवाय गावच्या शिबंदीला दिलेली ५० आणि एका पलटणीला दिलेली ३००. एकूण ४२,०८८. लॉरा, मेरी ॲन व फ्रेडरिक ही वोलकॉट यांची मुले. मेरी ॲन अकरा वर्षांची होती. फ्रेडरिक आठ-नऊ वर्षांचा.

शिसे राजाने पुरवले. कागदाची गोष्ट मात्र धर्मगुरू म्हणून आम्हांला अधिक लागते. काडतुसाला कागद हवा आणि युद्धकाळात कागदाचा दुष्काळ. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे क्रिस्टोफ साउर यांच्या छापखान्यात १७७६ साली जर्मन बायबलची तिसरी आवृत्ती छापून झाली होती. तिचे न बांधलेले ताव सैन्याने काडतुसांसाठी वापरले, म्हणून त्या आवृत्तीला पुढे ‘बंदुकीच्या बोळ्याचे बायबल’ असे नाव पडले. एफ्राटा येथील मठात मेनोनाइट पंथीयांसाठी छापलेल्या हुतात्म्यांच्या चरित्रग्रंथाच्या तावांचीही तीच गत झाली. शस्त्र हाती न घेता मरण पत्करलेल्यांच्या कथा बंदुकीच्या दारूभोवती गुंडाळल्या गेल्या! कागदी काडतूस दातांनी फाडण्याची हीच रीत पुढे १८५७ साली आपल्या देशात किती मोठ्या वणव्याचे निमित्त ठरली, हे वाचकांना ठाऊकच आहे.

आणखी एक हकिगत. न्यू जर्सीतील प्रेस्बिटेरियन पाळक जेम्स कॉल्डवेल यांची पत्नी हॅना ७ जून १७८० रोजी मुलांसह घरात असताना गोळी लागून मरण पावली. त्याच महिन्याच्या २३ तारखेला स्प्रिंगफिल्डच्या लढाईत बंदुकांसाठी बोळे संपले, तेव्हा या पाळकांनी चर्चमधील आयझॅक वॉट्स यांच्या गीतांची पुस्तके आणून सैनिकांत वाटली, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १७८१ मध्ये, त्यांच्याच बाजूच्या एका पहारेकऱ्याच्या गोळीने त्यांचा अंत झाला.

या माणसांचा न्याय करायला आम्ही बसलेलो नाही. जुलमाविरुद्ध उठणाऱ्यांच्या दुःखाकडे पाठ फिरवून शांतीचे प्रवचन देणे सोपे असते. पवित्र शास्त्रातही यशया तरवारींचे फाळ होताना पाहतो, तर योएल फाळांच्या तरवारी करण्याची हाक ऐकवतो. दोन्ही संदेष्टेच. परंतु शिसे एकदा वितळले की कोणत्याही साच्यात बसते, पुतळ्याच्या किंवा गोळीच्या. साचा कोणता, हे माणूस ठरवतो आणि तो ठरवताना मुलांचे हातही त्याला जोडून घेतो, हे आम्हांला अस्वस्थ करते.

आमच्या धर्मग्रामात दोन जुन्या वह्या आहेत. एक बाप्तिस्म्यांची, दुसरी मृत्यूंची. पहिलीतले प्रत्येक नाव कधी ना कधी कुठल्या तरी दुसऱ्या वहीत जाते. वोलकॉट यांच्या यादीला मात्र दुसरी वही नाही. फ्रेडरिकने ९३६ काडतुसे केली, एवढे आपण जाणतो. ती कोणाकोणाला लागली, हे त्याला कधी कळले नाही. आपल्यालाही कळणार नाही. त्या अनाम माणसांसाठी निदान एक प्रार्थना आपण म्हणू शकतो, आणि एक त्या मुलासाठीही.