दोन आण्याची जमीन

गटाच्या बैठकीत शेळीपालनाच्या कर्जाचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो : शेळ्या चारायच्या कुठे? कुणी म्हणतं, माळावर. लगेच दुसरी म्हणते, माळावर आहे काय, नुसता मुरूम! आज आपण या मुरमाचाच इतिहास पाहणार आहोत. तो आला कुठून, सरकारी दप्तरात त्याची किंमत कुणी ठरवली आणि ती इतकी कमी का ठरली, हे आपल्याला माहीत असायला हवं, कारण त्या किमतीचा हिशोब आपण अजून भरतो आहोत.

पुणे शहर आणि भोवतालचे तालुके ज्या काळ्या दगडावर वसले आहेत तो ज्वालामुखीचा दगड आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, तप्त रस बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. सिंहगडाच्या किंवा पुरंदरच्या बाजूंकडे लांबून पाहिलं तर पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. हा दगड ऊनपावसात कांद्यासारखा पापुद्रे सोडत कुजतो. त्याचा होतो मुरूम, आणि मुरमाच्या वर वीतभर, कुठे चार बोटं, तपकिरी खडबडीत माती. बारीक गाळ होता तो पावसानं धुऊन खाली ओढ्यानदीकाठी नेला, त्याची झाली काळी. म्हणजे काळी आणि मुरमाड या एकाच दगडाच्या दोन लेकी. एक तेवढी चांगल्या घरी पडली.

पण स्वभाव निराळे. काळी पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पावसात तिच्यात पाय घातला की चप्पल तिथेच राहते. मुरमाड माती पाणी साठवत नाही, खाली सोडते. पाऊस थांबला की थोड्या वेळात माळावरून कोरड्या पायानं चालता येतं. म्हणून तिथे ज्वारी-गहू नीट होत नाही, पाऊस गेला की पीक वाळतं. गवताला मात्र एवढी ओल पुरते. कुसळी, पवना, डोंगरी, थोडी खोल माती असेल तिथे मारवेल. आषाढ-श्रावणात वाढायचं, दिवाळीच्या आत बी टाकायचं आणि सुकून मुळाशी जिवंत राहायचं, ही या गवतांची रीत. कुसळीला कुसळं यायच्या आधी कापली तर चारा चांगला. उशीर केला तर तीच कुसळं जनावराच्या तोंडाला आणि मेंढीच्या लोकरीत.

पाणी न साचण्याचा खरा गुण धनगर बायांना विचारा. ओल्या चिखलात मेंढीची खुरं सडतात. म्हणून पुरंदर, बारामती, फलटणकडचे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि कोकणात मुसळधार सुरू व्हायच्या आत पुन्हा वर येतात. पावसाचे चार महिने मेंढरं या कोरड्या पायाच्या माळावर. परतीच्या वाटेवर शेतकरी त्यांना रानात बसवून घेतात, लेंडीखतासाठी. म्हणजे माळावरचं गवत मेंढीच्या पोटातून शेतात पोचतं. हा व्यवहार किती पिढ्यांचा आहे, कोण मोजणार?

जुन्या राजवटींना माळाची किंमत ठाऊक होती. मराठ्यांचं बळ घोड्यांवर, आणि घोडं गवतावर. त्यासाठी राखीव कुरणं असत. पानशेतच्या बाजूला आजही कुरण बुद्रुक आणि कुरण खुर्द अशी गावं आहेत, नावातच सगळं आलं. त्या कुरणांचं गवत कापायला आणि वाहायला गावकऱ्यांना वेठीला धरलं जाई, हेही सांगायला हवं. गवताला मोल होतं, कापणाऱ्या हातांना नव्हतं.

पेशवाई १८१८ मध्ये गेली. इंग्रजांना घोड्यांपेक्षा सारा हवा होता. पुणे जिल्ह्यात आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं मोजणी केली. तिचा सारा इतका जड झाला की लोक जमिनी टाकून गेले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली, आणि हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. आपल्या सातबाऱ्याची मुळं इथवर जातात.

या पद्धतीत माती आण्यांत मोजली. मोजणीदार शेतात खड्डा घेई आणि माती किती हात खोल आहे ते पाही. मग पोत आणि रंग. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी माती असेल तर ती पहिल्या प्रतीची, सोळा आणे. तिथून नऊ प्रती खाली उतरत येत. सर्वांत शेवटी उथळ, भरड, मुरमाड माती, तिची किंमत दोन आणे. वर दोषही मोजत. चुनखडी मिसळली आहे, एक दोष. वाळू आहे, दोष. जमीन उतरती आहे, तोही दोष. प्रत्येक दोषाला प्रत घसरे. लग्नाची मुलगी पाहायला आल्यासारखंच हे.

आमचं म्हणणं असं की मोजणी खोटी नव्हती. सारा बसवण्यापुरती ती प्रिंगलच्या मोजणीपेक्षा कितीतरी न्याय्य होती, हलक्या जमिनीवर हलका सारा बसला आणि लोक परतले. पण ती माती नांगराच्या नजरेनं मोजलेली होती. मेंढीच्या, शेळीच्या, गवत विकून मीठमिरची आणणाऱ्या बाईच्या नजरेनं कुणी मोजली नाही. आणि कागदावर एकदा शब्द चढला की तो उतरत नाही. पडीक. खराबा. पोटखराबा. आजही सातबाऱ्यावर लागवडीला अयोग्य जमीन पोटखराबा म्हणून लागते.

दुसरा गैरसमज वेगळ्या दिशेनं आला. माळ म्हणजे तुटलेलं जंगल, तेव्हा झाडं लावा. पुण्याच्या टेकड्यांवर, तळजईला आणि वेताळ टेकडीला, परदेशी गिरिपुष्पाची दाट लावण झाली. पण इथे पूर्वी खरंच दाट जंगल होतं का? पुण्यातल्या अभ्यासकाचा सहभाग असलेलं एक संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं मराठी वाङ्मय आणि लोकगीतं चाळून त्यांत आलेली रानझाडं नोंदवली. निम्म्याहून जास्त झाडं माळरानाची निघाली, दाट जंगलाची नव्हेत. पंढरपूरच्या देवळातलं कान्होपात्रेचं झाड आठवा, तिच्या देहाच्या जागी उगवलं असं आपण मानतो. ते तरटीचं झाड आहे, काटेरी, कोरड्या माळाचं. म्हणजे माळ शेकडो वर्षांपासून माळच आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा तिथे राहतो तो गवताळ माळ आहे म्हणूनच.

१९७२ च्या दुष्काळात या दगडाशी सर्वांत जवळून गाठ पडली ती बायांची. दुष्काळी कामावर खडी फोडायची, मुरूम वाहायचा, पाझर तलावाच्या भिंतीवर टाकायचा. पाझर तलाव हे नाव बघा. मुरूम पाणी खाली सोडतो, या त्याच्या दोषावरच तो तलाव चालतो. अखंड काळ्या दगडात पाणी मुरत नाही, ते कुजलेल्या मुरमात आणि भेगांत साठतं, आणि तिथून खालच्या विहिरींना येतं. आज शहराच्या रस्त्यांना आणि इमारतींच्या भरावाला ट्रक भरभरून मुरूम जातो. टेकडी खरवडली की गवत जातं हे लगेच दिसतं. विहिरीचं पाणी खाली गेलेलं कळायला दोन-तीन उन्हाळे लागतात, आणि तोवर कुणी त्याचा संबंध त्या खड्ड्याशी लावत नाही.

गायरान हे याच जमिनीचं गावाच्या सामाईक वापराचं रूप, आणि बिनजमिनीच्या घरातल्या शेळीचा तोच एक आधार. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवून त्या गावाला परत देण्याच्या योजना करा, असं सर्व राज्यांना सांगितलं. भूमिहीन आणि अनुसूचित जातीजमातींच्या कुटुंबांना सरकारी पट्ट्यानं जमीन दिली असेल अशा काही बाबींना त्यात सवलत आहे. म्हणून गायरानावर झोपडी बांधलेल्या आपल्याच एखाद्या बाईला घालवून देण्याची घाई कुणी करू नये, आधी कागद पाहावेत.

पुढच्या ग्रामसभेत गटातर्फे लेखी अर्ज द्या : आपल्या गावचं गायरान कोणत्या गट नंबरात, किती हेक्टर, त्यातलं आज किती मोकळं, आणि मुरूम काढायची परवानगी कुणाला, किती ब्रासची, कोणत्या तारखेपर्यंत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ग्रामपंचायतीचा शिक्का आणि पोच तारीख घ्यायला विसरू नका.