बर्फ वाचण्याच्या विद्येचं कूळ

१९३०-३१चा हिवाळा. ग्रीनलंडच्या ऐन मध्यावर, किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, तीन जर्मन शास्त्रज्ञ बर्फात कोरलेल्या गुहेत दिवस काढत होते. खंड सरकतात असं सांगणारे आल्फ्रेड वेगेनर तिथवर पोचले, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी परत निघाले आणि वाटेतच गेले. मागे राहिलेल्यांपैकी फ्रिट्झ लोव्हे यांच्या पायाची बोटं हिमदंशाने सडली. ती खिशातल्या चाकूने कापावी लागली. आणि याच मुक्कामात एर्न्स्ट झोर्गे बर्फात सरळ खाली विहीर खणत होते.

विहीर १५ मीटर खोल गेली. झोर्गे दर थराची घनता मोजत खाली उतरले. उन्हाळ्यातला बर्फ भरड आणि हलका, हिवाळ्यातला बारीक आणि घट्ट. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. ध्रुवीय बर्फात वर्षं ओळीने मोजता येतात, हे या विहिरीने दाखवलं. बर्फ वाचण्याच्या विद्येचे मूळपुरुष शोधायचे तर झोर्गे यांचं नाव आधी घ्यावं लागतं. मात्र थरांच्या जाडीवरून बर्फ किती पडला तेवढंच कळत होतं. त्या वर्षी थंडी किती होती, हे सांगण्याची सोय त्यात नव्हती.

ती सोय कोपनहेगनमधल्या एका घराच्या बागेत झाली. जून १९५२मध्ये शहरावर मोठा पाऊस आला. विली डान्सगार्ड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने बिअरच्या रिकाम्या बाटलीला नरसाळं लावून ती हिरवळीवर ठेवली आणि पावसाचे नमुने टप्प्याटप्प्याने गोळा केले. त्यांच्या प्रयोगशाळेत अणू-रेणू वजनानुसार वेगळे करणारा मास स्पेक्ट्रोमीटर होता. निसर्गातल्या दर पाचशे ऑक्सिजन अणूंमागे साधारण एक अणू नेहमीपेक्षा जड असतो, ऑक्सिजन-१८. तो पावसाच्या वेगवेगळ्या टप्प्यांत सारखाच असतो का, एवढंच डान्सगार्ड यांना बघायचं होतं. तो सारखा नव्हता. उंचावरच्या थंड ढगांतून आलेल्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी होता, खालच्या उबदार ढगांतल्या पाण्यात जास्त.

कारण सरळ आहे. वाफ गार होऊन पाणी बनू लागली की जड रेणू आधी गळतात. समुद्रावरून निघालेली हवा ध्रुवाकडे जाताना वाटेत जड पाणी सांडत जाते; प्रवास जितका थंड, तितकं शेवटी पडणारं हिम हलकं. म्हणजे हिमात जड ऑक्सिजन किती, हे मोजलं की ते पडलं तेव्हाच्या तापमानाचा अंदाज येतो. डान्सगार्ड यांनी देशोदेशीचं पाणी मागवून हा नियम पडताळला आणि १९५४मध्ये लिहून टाकलं की ग्रीनलंडच्या जुन्या बर्फातून शेकडो वर्षांचं हवामान काढता येईल. विद्या तयार होती. फक्त खोलवरचा बर्फ त्यांच्याकडे नव्हता.

तो अमेरिकी लष्कराकडे होता. वायव्य ग्रीनलंडमध्ये लष्कराने १९५९-६०मध्ये बर्फाच्या पोटात बोगदे खणून ‘कॅम्प सेंच्युरी’ वसवली होती. तिथे वीज अणुभट्टीची होती. ध्रुवीय संशोधनाचं केंद्र असं जगाला सांगितलं गेलं; बर्फाखाली सुमारे ६०० क्षेपणास्त्रं दडवण्याची योजना मात्र १९९०च्या दशकात उघड झाली. योजना बर्फानेच मोडून काढली. बर्फ सतत सरकतो, त्यामुळे बोगद्यांच्या भिंती आत येऊ लागल्या. पण देखावा म्हणून जे विज्ञान चालू होतं, ते खरंच चालू होतं. लाइल हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ड्रिल वर्षानुवर्षं खाली जात राहिला आणि जुलै १९६६मध्ये १,३८७ मीटरवर तळाच्या जमिनीला टेकला. बर्फाची चादर आरपार छेदण्याची ती पहिलीच वेळ.

डान्सगार्ड १९६४मध्ये याच तळावर जाऊन आले होते. खोदकामाची गोष्ट त्यांच्या कानावर कोणी घातली नाही. नंतर ती कळली तेव्हा त्यांनी बर्फ सांभाळणाऱ्या चेस्टर लँगवे यांना पत्र लिहून मोजणी करून देण्याची तयारी दाखवली. लँगवे हो म्हणाले. १९६९मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि सुमारे एक लाख वर्षांचं हवामान एका आलेखात मांडलं गेलं. ज्यांनी बर्फ काढला त्यांना तो वाचता येत नव्हता, आणि ज्याला वाचता येत होता त्याच्यापाशी बर्फ नव्हता. या सोयरिकीतून आजची विद्या जन्मली.

त्या आलेखात तापमानाचे काही झटके इतके तीव्र होते की अनेकांना ती मोजमापातली चूक वाटली. दक्षिण ग्रीनलंडमध्ये ‘डाय ३’ इथे १९८१मध्ये ड्रिलने बर्फाचा तळ गाठला, तिथेही तेच झटके दिसले. मग १९९२-९३मध्ये युरोपियन आणि अमेरिकी गटांनी एकमेकांपासून २८ किलोमीटरवर, तीन किलोमीटरहून खोल, दोन स्वतंत्र गाभे, म्हणजे बर्फाचे लांब दंडगोल, काढले. दोन्हींची साक्ष जुळली. हिमयुगाच्या काळात ग्रीनलंडचं तापमान काही दशकांत ८ ते १६ अंशांनी चढल्याचे प्रसंग एकदा नव्हे, अनेकदा घडले होते. हवामान संथपणेच बदलतं, ही समजूत तिथे संपली.

कुळाची दुसरी शाखा अंटार्क्टिकातली. फ्रेंच संशोधक क्लोद लोरियस १९६५मध्ये तिथल्या तळावर होते. एका संध्याकाळी त्यांनी खोलातून काढलेला बर्फाचा तुकडा व्हिस्कीत टाकला. बर्फ विरघळताना बुडबुडे फुटू लागले, आणि ही हवा फार जुन्या काळची आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. हिमाचे थर वरच्या भाराने दाबले जात ६० ते १०० मीटर खाली घट्ट बर्फ बनतात, तेव्हा मधली हवा कोंडली जाते. म्हणून बुडबुड्यातली हवा भोवतीच्या बर्फाहून तरुण असते, कधी कधी हजारो वर्षांनी. हे अंतर हिशोबात धरावं लागतं.

ती हवा बाहेर काढणं सोपं नव्हतं. बर्फ वितळवला की कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो आणि आकडे बिघडतात. १९८०च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या आणि फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या गटांनी निर्वातात बर्फ कोरडाच चिरडून हा पेच सोडवला. मग शीतयुद्धाच्या ऐन दिवसांत सोव्हिएत संघाच्या व्होस्तोक तळावर रशियनांनी भोक पाडलं, अमेरिकी विमानांनी ने-आण केली आणि फ्रेंच प्रयोगशाळांनी मोजणी केली. १९८७मध्ये दीड लाखाहून अधिक वर्षांची, १९९९मध्ये ४ लाख २० हजार वर्षांची नोंद हाती आली. तापमान आणि कार्बन डायऑक्साइड हातात हात घालून चढत-उतरत होते. पुढे युरोपियन गटाने ‘डोम सी’ इथे ही नोंद आठ लाख वर्षांपर्यंत नेली. त्या सबंध काळात कार्बन डायऑक्साइड दशलक्षात साधारण १७० ते ३०० भागांच्या पट्ट्याबाहेर गेला नाही. आज तो ४२०च्या वर आहे. जानेवारी २०२५मध्ये तिथून जवळच २,८०० मीटर खोलीवर बारा लाख वर्षांहून जुना बर्फ मिळाला आहे.

या कुळाचं एक घर आपल्याकडेही आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकातून आणलेले गाभे उणे २० अंशांच्या खोल्यांत जपले, कापले आणि तपासले जातात.

जपून ठेवण्याची ही सवय किती मोलाची, ते कॅम्प सेंच्युरीनेच पुन्हा दाखवलं. १९६६मध्ये ड्रिलसोबत तळाची साडेतीन मीटर गोठलेली मातीही वर आली होती. ती फ्रीझरांत पडून विसरली गेली आणि २०१७मध्ये कोपनहेगनला सापडली. तिच्यात काटक्या, पानं आणि शेवाळ निघालं. २०२३मध्ये छापलेल्या कालमापनानुसार सुमारे ४ लाख १६ हजार वर्षांपूर्वी तिथे बर्फ नव्हता. तेवढं वितळणं समुद्र किमान १.४ मीटर उंचावायला पुरेसं होतं. त्या काळात हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता, हे अंटार्क्टिकातले बुडबुडे सांगतात: दशलक्षात २८० भागांच्या आसपास, म्हणजे कारखाने येण्यापूर्वी होता तितकाच. बर्फाने ही दोन उत्तरं दोन ध्रुवांवर वेगवेगळी जपली होती; ती शेजारी ठेवल्यावर ग्रीनलंडचा बर्फ टिकेल की नाही, या प्रश्नाला अंदाजाऐवजी पुरावा मिळतो, आणि तो दिलासा देणारा नाही.