बंपरचा ओरखडा आणि शंभर वर्षांपूर्वीची एक टेप

आजच्या भागाची सुरुवात एका थापेने.

झालं असं, की मी बाबांची गाडी घेऊन मित्रांबरोबर वेल्ह्याकडे गेलो होतो. डांबरी रस्ता सोडून आत वळलो. एका चढावर पुढचा बंपर दगडाला घासला आणि डाव्या कोपऱ्यातला वीतभर रंग निघाला. आत काळं प्लास्टिक. घरी बाबांना सांगितलं, "पार्किंगमध्ये कोणीतरी घासून गेलं." मग गुपचूप टचअप पेन मागवून दोन हात मारले. पुढच्या धुण्यात पापुद्रे सुटले.

शेवटी गॅरेजमधल्या पेंटरकाकांकडे गेलो. त्यांनी भाव सांगितला. मी म्हणालो, "एवढ्याशा ओरखड्याला?" काकांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. बघा, मग बोला."

मी दुपारभर बसलो. मग रात्री वाचत बसलो. आजचा भाग त्यातूनच आलाय.

पहिला प्रश्न, बंपर प्लास्टिकचा का? आजोबांच्या काळातली, कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचा बंपर चकचकीत क्रोमचा, लोखंडी. त्याला रंगच नव्हता, मग ओरखडा कसला? पण 1968 च्या पॉन्टियॅक जीटीओवर गाडीच्याच रंगाचा लवचिक बंपर आला. 1972 मध्ये फ्रान्सच्या रेनॉ 5 ला प्लास्टिकचे बंपर मिळाले. 1973 च्या मॉडेलपासून अमेरिकेने नियमच केला, की ताशी 5 मैलांच्या धडकेत दिव्यांसारख्या सुरक्षेच्या भागांना इजा होता कामा नये. धक्का खाऊन पुन्हा जागेवर येणारे बंपर हवे झाले. पुढे प्लास्टिक सगळीकडे पसरलं. हलकं, स्वस्त, हवं तसं वळणारं.

पण आजचे बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे. हे प्लास्टिक मेणासारखं, रंग त्याला धरतच नाही. आधी प्लास्टिक प्रायमर लागतो. माझं पेन तिथेच हरलं.

काकांनी बंपर धुतला, पुसला आणि वॉटर पेपर घेतला. आधी जाड, मग बारीक, सतत पाणी मारत. हा पेपर 1921 चा! फिलाडेल्फियात शाई बनवणाऱ्या फ्रान्सिस ओकी नावाच्या माणसाने पाण्यात न विरघळणारा पॉलिश पेपर काढला आणि थ्रीएम कंपनीने तो विकत घेतला. तोवर गाड्या कोरड्याच घासत. रंगात शिसं असायचं आणि ती धूळ कामगारांच्या छातीत जायची. पाण्याने धूळ बसली.

हा पेपर गॅरेजमध्ये वापरून बघायला कंपनीने रिचर्ड ड्रू नावाच्या पोराला पाठवलं. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, नाचाच्या बँडमध्ये बँजो वाजवणारा. (बीटेकवाल्यांनो, ऐकताय ना?) तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन होती. त्याचं कारणही मजेशीर आहे. 1923 मध्ये ओकलंड कंपनीची गाडी ड्यूको रंगात आली. हा रंग नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या बंदुकीच्या दारूचाच भाऊबंद. रंगकामाचे आठवडे तासांवर आले आणि रंगांची चंगळ सुरू झाली. आपले सुतार आजही फर्निचरला 'ड्यूको मारू का' विचारतात, ते हेच नाव.

तर सेंट पॉल शहरातल्या एका गॅरेजमध्ये ड्रू बघतो, की दुसरा रंग मारताना पहिला झाकायला कागद चिकटवलाय. कागद काढला तर नवा रंगही सोलून आला, आणि पेंटर शिव्या घालतोय. ड्रू म्हणाला, मी यावर टेप काढतो. साहेबाने मध्येच सांगितलं, हे सोड, पेपरच्या कामाला लाग. पठ्ठ्या थांबला नाही. 1925 मध्ये मास्किंग टेप बाजारात आली. घट्ट बसणारी, पण रंग न उचकटता निघणारी.

काकांनी हीच टेप दिव्याच्या कडेने लावली. प्रायमर, रंग, मग क्लिअर कोट. प्रत्येक हातानंतर थांबायचं, सुकू द्यायचं. फवारताना तोंडाला नुसता रुमाल. क्लिअर कोटच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट रुमालाने अडत नाही, फुप्फुसं धरतं. शंभर वर्षांपूर्वी धुळीवर तोडगा निघाला, पण आपल्या गल्लीत वाफेवरचा अजून पोचलेला नाही. त्यामुळे घरी बंद खोलीत हा प्रयोग करू नका. आणि भाव करताना हा रुमाल आठवा.

टेप काढताना काका म्हणाले, "साहेब, हे पार्किंगमधलं नव्हतं. तिथली रेघ आडवी असते. ही खालून वर आली होती. दगड ना?"

बाबांनी आयुष्यभर गाडी चालवलीय. त्यांना दिसलं नसेल? तिथूनच फोन केला.

"बाबा, ते पार्किंगमध्ये नव्हतं झालं."

"माहितीये. बंपरखाली चिखल होता. पार्किंगमध्ये चिखल कुठला?" मग थोडं थांबून, "किती घेतले?"

"मागितले तेवढे दिले."

"बरं केलंस."

चला मंडळी, पुढच्या भागात भेटू. गाडी जपून चालवा, आणि घासलीच तर खरं सांगा.