सिद्रापोंग जलविद्युत् केंद्र

भारतातील पहिले जलविद्युत् केंद्र. पश्चिम बंगालमध्ये दार्जिलिंगपासून सुमारे १२ किमी. अंतरावर, आर्य चहामळ्याच्या पायथ्याशी ते उभारण्यात आले. त्याचे उद्‌घाटन १० नोव्हेंबर १८९७ रोजी झाले. कोलकात्यात सार्वजनिक वीजपुरवठा १८९९ मध्ये सुरू झाला. म्हणजे तत्कालीन राजधानीच्या आधी एका लहान गिरिनगरास वीज मिळाली. याचे कारण भौगोलिक होते. औष्णिक केंद्रासाठी कोळसा डोंगरावर चढवावा लागला असता. पाणी मात्र स्वतःच उताराने वाहत होते.

जलविद्युत् शक्ती पाण्याचा प्रवाह व पतनाची उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. दर सेकंदास १ घ. मी. पाणी १ मी. खाली पडल्यास ९·८ किवॉ. शक्ती उपलब्ध होते. यंत्रांची एकूण कार्यक्षमता ८०% धरल्यास, १३० किवॉ. विजेसाठी १० मी. उंचीवरून सेकंदास सुमारे १,६६० लिटर पाणी लागेल. परंतु उंची १०० मी. असल्यास १६६ लिटर पुरेल. डोंगरी भागातील लहान ओढ्यांचेही महत्त्व यामुळेच असते. येथेही ‘झोरा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक ओढ्यांचे पाणी वापरण्यात आले. अशा केंद्रात ओढ्याचे पाणी प्रथम कुंडात घेतात. तेथे गाळ खाली बसतो. नंतर ते उतरत्या नळातून वेगाने टरबाइनावर सोडतात. टरबाइनाला जोडलेल्या जनित्रात चुंबकीय क्षेत्र व तारांची वेटोळी यांच्या सापेक्ष गतीमुळे वीज निर्माण होते.

सिद्रापोंग येथे प्रारंभी प्रत्येकी ६५ किवॉ. क्षमतेची दोन जनित्रे होती. त्यांपासून एककला प्रत्यावर्ती प्रवाह २,३०० व्होल्ट दाबाने मिळे. दरीतील वीज शहरापर्यंत नेण्यास उच्च दाब उपयुक्त होता. कारण दाब दसपट केल्यास तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह एकदशांश लागतो व तारेतील ऊर्जाव्यय एकशतांश होतो. प्रवाहाची कंप्रता ८३·३ हर्ट्‌झ, म्हणजे मिनिटास ५,००० आवर्तने, होती. भारतात पुढे ५० हर्ट्‌झ ही कंप्रता प्रमाण ठरली.

मागणी वाढत गेल्याने केंद्राचा टप्प्याटप्प्याने विस्तार होऊन १९१६ मध्ये त्याची क्षमता १,००० किवॉ. झाली. तथापि मोठा जलसाठा नसलेल्या केंद्राची निर्मिती ऋतुमानानुसार बदलते; कोरड्या महिन्यांत ओढे आटले की यंत्रांची क्षमता वापराविना राहते. शिवसमुद्रम् (१९०२) व खोपोली (१९१५) येथील मोठ्या केंद्रांपुढे सिद्रापोंग लहानच ठरले. परंतु स्थानिक पाण्यावर स्थानिक गरज भागविता येते, हे भारतात प्रथम त्यानेच सिद्ध केले.